मसुराच्या डाळीच्या देवी

आमच्या घरात देवी आल्या त्या मी माझ्या हातानं, डिंकानं चिकटवल्या होत्या.

देवी म्हणजे त्या रोगाच्या. पण त्याला रोग म्हणायची आमच्याकडं सोय नव्हती. अंगावर फोड उठले की घरात 'आई' आल्या! दाराला लिंबाचा डहाळा लागायचा, माणूस वाचला तर आईची कृपा, गेला तर आईची मर्जी. दोन्हीकडून आईच बरोबर. अशा कारभारात सरकारनं सुई घेऊन मध्ये पडावं, हे काही गावाला पटत नव्हतं. आणि गावाला पटू नये म्हणून सगळ्यात जास्त कष्ट मी घेत होतो.

मी शिंपी. आमचं गाव मोगलाईतलं, उमापूरपासून चालत जाण्यासारखं. ओसरीवर बसून मी लोकांच्या बंड्या, चोळ्या आणि लग्नातले अंगरखे शिवायचो. दिवसभर सुई माझ्या हातात. पण ती कापडात जावी, एवढंच तिचं-माझं ठरलेलं. चुकून बोटात गेली तर मला दरदरून घाम फुटायचा, आणि रक्ताचा थेंब दिसला की मी सरळ मागं सरकून भिंतीला पाठ टेकायचो. (हे फक्त बायकोला ठाऊक होतं. गावाला मी सांगितलं होतं की मला उन्हानं भोवळ येते. ओसरीला छप्पर होतं, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.)

आता भित्र्या माणसानं भितो म्हणून सांगितलं तर त्याची अब्रू जाते. म्हणून मी विचारवंत झालो. ओसरीवर जो कुणी माप द्यायला येई, त्याला मापाबरोबर माझे विचारही मिळत.

"टोचून घिऊ नका," मी दोरा दातानं तोडत सांगायचो. "त्या नळीत गाईच्या फोडाची लस असती. गाईच्या! धरम बुडतो."

"आन् दंडाला वण कावून पडतो रं?" कुणीतरी विचारायचं.

"तो वण न्हाई, शिक्का हाय! तिकडं लढाई चाललीय. ज्याच्या दंडावर शिक्का, त्याला नेत्यात उचलून."

"तान्ह्या पोरांलाबी?"

"आत्ता न्हाई. मोटी झाल्यावर. सरकार लांबचं बगतं!"

हे सगळं मला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. बसल्या बैठकीला सुचायचं. गंमत अशी की सकाळी मी सांगितलेली गोष्ट गावभर फिरून संध्याकाळी माझ्याकडंच परत यायची, तेव्हा तिला आणखी हातपाय फुटलेले असायचे आणि ती ऐकून मीच घाबरायचो.

घरात या विचारांना दोन बाजू होत्या. माझी माय माझ्या बाजूला. "देवी आपनहून येती," ती म्हणायची, "तिला सुईनं बोलवायचं व्हय रं? कोपंल की!"

दुसरी बाजू माझी बायको, सोजर. ती बोलायची नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायची. लहानपणी तिच्या घरात देवी आल्या होत्या. ती वाचली, गालांवर वण राहिले. तिच्या धाकट्या भावाचे दोन्ही डोळे गेले. तो अजून उमापूरला तिच्या माहेरी दारात बसून असायचा, आणि सोजर गेली की तिच्या तोंडावरून हात फिरवून तिला ओळखायचा.

आमची गोदी तेव्हा नुकतीच रांगायला लागली होती. डोळे असे टपोरे की माझ्या हातातली सुई दिसली तरी ओसरीच्या त्या टोकाहून झेप घ्यायची.

एक दिवस चपराशी दवंडी देऊन गेला. टोचणारे मुन्शीजी चावडीवर मुक्कामाला येणार, घरोघर फिरणार, पोरांना टोचणार आणि ज्या मोठ्यांना देवी आलेल्या नाहीत त्यांनाही टोचणार. 'मोठ्यांनाही' हा शब्द ऐकला आणि माझ्या हातातली चोळी गळाली!

त्या दिवशी सोजर बोलली. "अवो, म्या गोदीला घिऊन चावडीवर जानार हाय."

"न्हाई जायचं," मी म्हणालो.

"न्हाई जायाचं!" आतून माय.

"माज्या तोंडाकडं बगा," सोजर म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "हे ऱ्हाऊ द्या. माज्या भावाकडं बगा. गोदीचे डोळे गेले तर तुमचे इचार तिला काटी धरून फिरवनार हायेत का?"

उत्तर नसलं की नवऱ्यानं ओरडायचं असतं, ते मी केलं. एकीकडं गोदीचे डोळे, दुसरीकडं ती सुई. आणि खरं सांगतो, त्या घटकेला सुईच जास्त जवळ आलेली होती.

रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर. उजाडता उजाडता डोक्यात उजेड पडला. ज्या घराच्या दाराला लिंबाचा डहाळा, त्या घरात परका माणूस पाऊल टाकत नाही. तहसीलदार असो की प्रत्यक्ष तालुकदार, उंबऱ्याबाहेरून हात जोडून परत! मग आपल्याच घरात आई आल्या तर?

शिंप्याच्या घरात सामानाला काय तोटा! कापडावर खुणा करायचा गेरू होता, डिंक होता, आणि मायच्या मडक्यात मसुराची डाळ होती. एकेक दाणा डिंकात बुडवून मी कपाळावर, गालांवर, छातीवर बसवला, वरून गेरूचं बोट फिरवलं. काम असं सुबक झालं की आरशात बघून मीच दचकलो. मग डहाळा दाराला खोचला, गोधडी पांघरली आणि कण्हलो.

माय आली. तिनं बघितलं आणि टाळी पिटून जमिनीवर डोकंच टेकलं. "आली गं माय! आमच्या गरिबाच्या घरी आली!"

सोजर आली. ती उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडं बघत राहिली. जिनं त्या फोडांत महिना काढला होता तिला मी डाळीचे फोड दाखवत होतो, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं! आता ही बोंब मारणार, असं धरून मी डोळे मिटले.

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात जोडले. "आत्याबाय," ती मायला म्हणाली, "आता घरात समदं नेमानं करावं लागंल. फोडनी बंद. तवा बंद. तेल बंद. सुई-दोरा बंद. तंबाकू तर न्हाईच न्हाई."

"तंबाकूचं काय न्हाई आईला..." मी गोधडीतून म्हणालो.

"आन् आजाऱ्यानं बोलायचं न्हाई," सोजर म्हणाली. "तुमी ह्यांच्यापासून हलू नका आत्याबाय. लिंबाच्या पाल्यानं वारा घाला. गोदीला हितं ठिवायला नगं, म्या तिला साळूकाकूकडं घिऊन बसते."

साळूकाकू म्हणजे शेजारीण. सोजर गोदीला काखेत मारून निघाली. जाताना वळून माझ्याकडं बघून एवढं गोड हसली, की मला खरंच ताप आल्यासारखं वाटलं.

दुपारी मुन्शीजी आले. गोरेपान, जाडजूड, उन्हानं लाल झालेले, मागं पेटी घेतलेला चपराशी. अंगात जुनी शेरवानी, तिची काखेखाली शिवण उसवलेली. (अशा वेळीही माझी नजर तिथंच गेली. हाडाचा शिंपी!) डहाळा बघून ते जोडे काढून अंगणातच थांबले.

"माताजी तशरीफ लायीं?" त्यांनी हळू विचारलं.

"हौ," माय म्हणाली. "ह्यो बगा माजा ल्योक."

मी कण्हलो. मुन्शीजींनी लांबूनच हात जोडले. "आराम करो जी, आराम करो. हम नक्को तकलीफ देते." आणि परत फिरले! मी गोधडीत मूठ आवळली. जिंकलो होतो, पण कुणाला सांगायची सोय नव्हती.

इथवर सगळं छान. पुढं मात्र वनवास. घरात फोडणी नाही, त्यामुळं दहीभात. सकाळी दहीभात, संध्याकाळी थंड दहीभात. शेजारी साळूकाकू मिरच्या भाजून ठेचा रगडायची, त्याचा खकाणा भिंतीवरून यायचा आणि माझ्या डोळ्यांतून पाणी. माय म्हणायची, "आईची आग हुतीय रं लेकराच्या डोळ्यांत." आणि आणखी दोन तांबे गार पाणी माझ्यावर ओतायची. पाण्यानं डाळ भिजायची, फुगायची, घसरायची. तिनं पाठ वळवली की मी नवी डाळ बसवायचो. खाली लिंबाचा पाला टोचतोय, वर डिंक खाजवतोय, तंबाखूवाचून डोकं फिरतंय, आणि बोलायचं नाही! हात रिकामे ठेवून मी कधी बसलो नव्हतो, आता पडून होतो. पायांची बोटं तेवढी हलवायची मुभा होती, ती मी अखंड हलवत होतो.

गावच्या बायका यायला लागल्या. उंबऱ्याबाहेरून पाणी घालायच्या, नारळ ठेवायच्या आणि बसायच्या. आजाऱ्याच्या तोंडून आईच बोलते, असा आमच्याकडं समज. त्यामुळं मी 'पाणी' म्हटलं तरी त्या एकमेकींकडं बघून मान हलवायच्या. "आवंदा पानी हाय गं!"

अशा भर दरबारात साळूकाकूची तलंग आत शिरली. कोंबडीच ती, तिला नेम काय ठाऊक! तिनं मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं, उडी मारून छातीवर बसली आणि टक् करून कपाळावरचा एक फोड खाल्ला!

बायका श्वास रोखून बघत होत्या. तिनं दुसरा खाल्ला. तिसरा माझ्या नाकावर होता.

मी ओरडणार तेवढ्यात माय गहिवरून म्हणाली, "आईनं पाखरू धाडलं गं! माज्या लेकाचं दुक्क येचून न्यायला!" आणि सगळ्या बायकांनी कोंबडीला हात जोडले. (ती तलंग पुढं म्हातारी होऊन मेली. तिला कापायची गावात कुणाची छाती झाली नाही.)

आता मात्र माझं डोकं सटकलं. नाक दुखतंय, भूक लागलीय, आणि या बाया हलायला तयार नाहीत. त्यातली एक, कडेवर पोर घेतलेली, पुढं सरकून म्हणाली, "आई, पोराचं काय करू? चावडीवर टोचनारा बसलाय. मालक न्हाई म्हन्त्यात."

सोजर नेमकी तेव्हाच दारात आली होती.

"जा!" मी ओरडलो. मला फक्त दार मोकळं हवं होतं. "जा हितून! समद्याजनी जा! आपापली पोरं उचला आन् जा!"

"कुटं जावं म्हन्ता आई?" सोजर हात जोडून म्हणाली. "चावडीवर?"

"कुटंबी जा! चावडीवर जा, न्हाई तर मसनात जा! पन जा!"

"आईनं सांगितलं," सोजर बायकांकडं वळली. "चावडी, न्हाई तर मसन. आता बगा तुमचं तुमी."

अशी पदरांची धांदल उडाली की विचारू नका! घटकाभरात ओसरी मोकळी. चावडीवर माश्या मारत बसलेल्या मुन्शीजींना अख्ख्या गावानं गराडा घातला. बाप लोक आडवे आले, पण आईच्या हुकमापुढं त्यांचं काय चालतं! जन्मभर मी टोचण्याच्या विरुद्ध जेवढं बोललो, ते सगळं माझ्याच एका ओरडण्यानं पुसून टाकलं.

संध्याकाळी सोजर गोदीला घेऊन आली. गोदीच्या दोन्ही दंडांवर, टोचल्याच्या जागी राख लावलेली.

"ही कवा टोचली?" मी कुजबुजलो.

"पैल्याच दिवशी. तुमी आन् आत्याबाय हितं अडकलेला व्हता, मला अडवनार कोन?"

मला संताप आला. पण संताप करायला उठावं लागतं आणि मला तर देवी आलेल्या! गोदीनं टपोऱ्या डोळ्यांनी माझ्याकडं बघितलं, हात पुढं केला, माझ्या गालावरची डाळ उपटली आणि तोंडात घातली.

मुन्शीजी उमापूरला गेले, तेव्हा माझ्या देवीही उतरल्या. अंगावर एक वण नाही! गावात माझा भाव वाढला. बायका वाटेत थांबून पदर सावरायच्या, पाटील रामराम घालायचा. मी ओसरीवर ताठ बसायला लागलो आणि विचारही पुन्हा सुरू करणार होतो, इतक्यात पाटलाचा सांगावा आला.

पाटलाचा धाकटा भाऊ सुदाम बाजाराहून तापानं फणफणून आला होता. अंगभर फोड. हे मसुराचे नव्हते.

"धोंडू," पाटील म्हणाला, "लई कठीन हाय बे. त्याच्यापाशी बसायला मानूस पायजे. ज्याला येऊन गेल्या त्यालाच बसता येतं. सध्या आमची म्हातारी बसती, तिला लानपनी आल्या व्हत्या. पन तिच्याच्यानं उचलाउचली व्हत न्हाई. तूच बस आता. तुला आईनं सोता निवडलाय."

आमच्याकडं हीच रीत: देवी आलेला माणूसच देवीच्या माणसाची सेवा करणार. आणि गावात अगदी ताजा ताजा, कोंबडीच्या साक्षीनं पास झालेला माणूस मीच!

"उद्या येतो," म्हणून मी घरी पळालो. "सोजर, काय करू गं?"

"जा की. एकदा आलेल्या देवी परत येत न्हाईत. तुमाला तर येऊन गेल्या."

"सोजर!"

"काय?"

"डाळ व्हती ती!"

"आसं व्हय?" ती म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. माझा हात धरून म्हणाली, "मुन्शी अजून उमापूरला हाय. जावा. आजच जावा. मला तुमीबी पायजे, डोळ्यांसकट."

मी पळालो. खरोखर पळालो. वाटेत पुन्हापुन्हा परत फिरलो, आणि सोजरच्या भावाचा तोंडावरून फिरणारा हात आठवून पुन्हा पुढं गेलो. उमापुरात पारावर मुन्शीजी बसले होते. समोर पोरांची रांग, आणि रांगेत पोरांच्या डोक्यांवरून दिसणारा एकटा मी.

मुन्शीजींनी मला ओळखलं. "अरे मियाँ, आपकू तो माताजी आये थे ना?"

मी कानात सगळं सांगितलं. डाळीपर्यंत आलो तेव्हा ते एवढे हसले की काखेतली शिवण आणखी उसवली.

ती शिवण बघून मला धीर आला. "मुन्शीजी," मी म्हणालो, "तुमी टोचा, पन मला तिकडं बगू दिऊ नका. तुमची शिवन उसवलीय, ती मी तवर शिवतो."

ते तयार झाले. पैरणीला खोचलेली दोऱ्याची सुई मी काढली, त्यांच्या काखेत तोंड घातलं आणि डोळे गच्च मिटून शिवायला लागलो. हात सवयीचा, डोळ्यांचं कामच नाही! दंडाला काहीतरी गार लागलं, मग ओरखडल्यासारखं. मी टाके घालण्याचा सपाटा लावला.

"हो गया," मुन्शीजी म्हणाले.

मी डोळे उघडले, दंडावर रक्ताचा बारीक ठिपका बघितला आणि मागं कोसळलो. मुन्शीजीही माझ्यावर कोसळले. कारण मी माझ्या पैरणीची बाही त्यांच्या शेरवानीला शिवली होती! आणि शिवण अशी पक्की, की पोरं ओढत होती तरी उसवेना.

शुद्धीवर आलो तेव्हा कुणीतरी पदरानं वारा घालत होतं. मी बघितलं. माय!

"मुडद्या!" ती म्हणाली. "तुला तर देवी येऊन गेल्या! तू हितं काय करतो?"

"आन् तू काय करती?"

मायनं हात पदराखाली घेतला, पण मी बघितलंच. दंडावर राख. "गोदीला टोचलं, तिला काय झालं न्हाई," ती पुटपुटली. "म्या म्हन्लं, बगावं. सोजरीला सांगू नगं."

परतीच्या वाटेवर आम्ही मायलेक आपापला दंड झाकत चाललो. घरी सोजरनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि चुलीवर तवा ठेवला. लसणाची फोडणी दिली. त्या वासानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी मायनं तांब्या आणला नाही.

पुढं माझा दंड सुजला, बारीक ताप आला. झालं! साळूकाकूनं भिंतीवरून डोकावून बघितलं आणि गावभर झालं, 'धोंडूला आई पुन्हा आल्या!' बायका नारळ घेऊन हजर. तलंगही आली, आणि या खेपेला काही मिळेना म्हणून रागावून माझ्या अंगठ्याला टोचून गेली.

दंड सुकल्यावर मी सुदामपाशी बसायला गेलो. उंबऱ्याशी बराच घुटमळलो, नाही म्हणत नाही. पण बसलो. तो वाचला, चेहऱ्यावर वण राहिले. गाव म्हणालं आईची कृपा. विचार सांगायचे मी केव्हाच बंद केले होते.

आता मी म्हातारा झालोय, सुईच्या नेढ्यात दोरा जात नाही. गोदी माहेरी आली की माझ्याजवळ बसते, सुई उजेडाकडं धरते आणि त्याच टपोऱ्या डोळ्यांनी एका झटक्यात दोरा ओवते. मग सुई माझ्या हातात देताना, तिच्या आईसारखीच गोड हसून म्हणते, "घ्या आबा. भिऊ नगा, कापडालाच टोचायची हाय."

मी तिच्याकडं रागानं बघतो, आणि हळूच मागं सरकून भिंतीला पाठ लावून घेतो.